ओग्डेनचा बंदूककार : जॉन ब्राउनिंग

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या, हे आपण सर्वांनी इतिहासात वाचले आहे. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, हेही आपणांस ठाऊक आहे. सावरकरांनी लंडनहून गुप्तपणे पाठविलेल्या २० ब्राउनिंग पिस्तुलांचा उल्लेख त्या प्रकरणात येतो. परीक्षेच्या दृष्टीने एवढी माहिती पुरेशी होते. पण ब्राउनिंग म्हणजे काय? पिस्तुलाची एखादी जात असावी, असे समजून वाचणारा पान उलटतो. वस्तुतः ते एका माणसाचे नाव आहे. अमेरिकेतील एका आडगावच्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याचा तो मुलगा. त्याची पिस्तुले जगभर गेली. परंतु त्याच्या बुद्धीची आणि स्वाभिमानाची कसोटी लागली ती पक्ष्यांच्या शिकारीसाठी केलेल्या एका छऱ्याच्या बंदुकीपायी. ती बंदूक चालते कशी आणि तिच्यासाठी त्याने काय पणाला लावले, हे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

जॉन मोझेस ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी यूटा प्रांतातील ओग्डेन या गावी झाला. त्याचे वडील जोनाथन हे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी. या पंथाच्या लोकांना इलिनॉय राज्यातील नोव्हू हे आपले गाव सोडून पश्चिमेकडे परागंदा व्हावे लागले. जोनाथन १८५२ मध्ये ओग्डेनला पोहोचले आणि तेथेच त्यांनी आपले दुकान थाटले. तीन बायका आणि बावीस मुले एवढा त्यांचा संसार! बंदुका दुरुस्त करणे हा धंदा, पण समोर येईल ते लोखंडी काम करावे लागे. अशा दुकानात जॉन वाढला. मिसरूड फुटण्यापूर्वीच त्याने दुकानातल्या भंगारातून पहिली बंदूक जुळविली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. शिक्षण गावच्या शाळेपुरतेच. यंत्रशास्त्राचे पुस्तकी ज्ञान असे त्याला कोणी दिले नाही.

१८७९ हे साल त्याच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्याच वर्षी त्याचे रेचेल चाइल्ड हिच्याशी लग्न झाले, त्याच वर्षी वडील वारले आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला त्याला एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या रायफलीचे पहिले पेटंट मिळाले. भावांना हाताशी घेऊन त्याने ती रायफल ओग्डेनमध्येच बनवावयास सुरुवात केली. तिचा एक नमुना फिरत फिरत देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू हेवन येथील विंचेस्टर कंपनीच्या हाती पडला. कंपनीचे टी. जी. बेनेट हे १८८३ मध्ये स्वतः ओग्डेनला आले आणि ८,००० डॉलर मोजून त्यांनी त्या रायफलीचे हक्क विकत घेतले.

येथून पुढे सुमारे एकोणीस वर्षे एक ठरीव क्रम चालला. ब्राउनिंगने नवी बंदूक करावी, विंचेस्टरने एकरकमी पैसे देऊन ती घ्यावी. १८८६, १८९२, १८९४ या सालांच्या रायफली, १८९७ ची पंपाची बंदूक, ही सारी त्याच्याच हातची कामे. मध्यंतरी १८८७ पासून दोन वर्षे तो आपल्या पंथाच्या प्रचारासाठी जॉर्जियात हिंडत होता. परत येताच पुन्हा कामाला लागला. विंचेस्टरने त्याच्याकडून चाळीसहून अधिक नमुने विकत घेतले. पैकी कारखान्यात प्रत्यक्ष तयार झाले ते मोजकेच. बाकीचे दुसऱ्या कोणा कंपनीच्या हाती पडू नयेत म्हणून घेऊन ठेवलेले! आणि जे विकले गेले त्यांवर नाव असे ते विंचेस्टरचे. लाखो लोकांनी त्या बंदुका वापरल्या. त्या करणारा माणूस त्यांना ठाऊक नव्हता.

या ठिकाणी दोन शब्द स्वतःविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. माझे वडील लोहारकाम करतात. विळ्याचे चित्र कागदावर काढा म्हटले तर त्यांना काढता येणार नाही. पण तापलेल्या पोलादाचा रंग पाहून ते नेमके केव्हा पाण्यात बुडवायचे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. पाणी जास्त बसले तर धार तडकते, कमी बसले तर वाकते. ब्राउनिंगही रीतसर आराखडे काढत बसत नसे. मनात आलेली कल्पना तो कच्च्या रेघोट्यांवरून आणि साच्यांवरून भाऊ एडच्या मदतीने सरळ पोलादात उतरवी. हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही, ओळख पटली. आमच्या आजोबांच्या काळी लोहाराला बलुते मिळे, म्हणजे पीक आले की खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. आता रोख पैसे मिळतात आणि गिऱ्हाईक घाव मोजून घासाघीस करते. कारागिराला एकदा पैसे देऊन मोकळे व्हावे, की त्याच्या कामातून पुढे जे पिकते त्यात त्याचा वाटा असावा? ब्राउनिंगच्या आयुष्यातला मोठा झगडा याच प्रश्नावरून झाला.

तो झगडा समजण्यासाठी आधी ती बंदूक समजून घेतली पाहिजे.

बँकेच्या दारात उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावरची बारा बोअरची बंदूक आपण पाहिली असेल. तिच्या दोन नळ्यांत दोन काडतुसे बसतात. दोन बार झाले की ती मधोमध मोडून रिकामी टरफले काढायची आणि नवी काडतुसे भरायची. पंपाच्या बंदुकीत नळीखालची मूठ दर बाराला मागेपुढे करावी लागते. दोन्हींत भरण्याचे काम माणसाच्या हाताचे. दरम्यान बार उडाल्यावर बंदूक खांद्याला जो सणसणीत धक्का देते, तो फुकट जातो, किंबहुना खांदा दुखवून जातो. ब्राउनिंगने विचार केला, की या धक्क्यालाच कामाला लावले तर?

ही कल्पना रायफलीपेक्षा छऱ्याच्या बंदुकीत उतरविणे अवघड होते. रायफलीची गोळी धातूच्या टरफलात असते आणि तिचे माप ठरलेले असते. त्या काळी छऱ्यांची काडतुसे कागदी असत. दमट हवेत ती फुगत. कुणात दारू जास्त, कुणात कमी. कुणात छरे जड, कुणात हलके. हलक्या काडतुसाने धक्का कमी बसायचा आणि यंत्र अर्ध्यावर अडायचे. जड काडतुसाने ते स्वतःलाच ठोकून खिळखिळे करायचे. शिवाय जुन्या काळ्या दारूची काजळी कोणतेही नाजूक यंत्र बुजवून टाकी. बिनधुराची दारू आली तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. ब्राउनिंगने १८९८ च्या सुमारास या बंदुकीची जुळणी साधली आणि ९ ऑक्टोबर १९०० रोजी तिचे पेटंट मिळविले. पुढे ती ‘ऑटो-५’ या नावाने प्रसिद्ध झाली.

प्रथम तिचे मॅगझिन पाहू. नळीच्या खाली, नळीला समांतर अशी दुसरी एक बारीक पत्र्याची नळी असते. तिच्यात चार काडतुसे एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी बसतात. पुढच्या टोकाला एक लांब स्प्रिंग असते. ती काडतुसांना सतत मागे, म्हणजे यंत्राच्या पेटीकडे ढकलत असते. पेटीच्या तोंडाशी एक अडणा असतो, तो वेळ आल्याखेरीज काडतूस सोडत नाही. चार मॅगझिनमध्ये आणि एक नळीत, मिळून पाच; म्हणून नावात पाचाचा आकडा. डाव्या बाजूस एक लहानशी कळ होती. ती फिरविली की मॅगझिनमधली काडतुसे जागच्या जागी थांबत आणि नळीतले काडतूस बदलून तेथे वेगळे घालता येई. बदकांची वाट पाहणाऱ्याच्या डोक्यावरून एकाएकी हंसांचा थवा गेला, तर जड छऱ्यांचे काडतूस घालण्याची ती सोय!

आता बार कसा होतो ते पाहू. नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा म्हणजे बोल्ट. त्यात वरखाली होणारी एक कडी असते. ती नळीच्या मागे वाढविलेल्या भागातील खाचेत अडकली, की नळी आणि बोल्ट एकजीव होतात. चाप ओढला, बार उडाला. छरे पुढे गेले आणि त्याच्या उलट जोराने नळी व बोल्ट एकमेकांना घट्ट धरून मागे सरकले. होय, या बंदुकीची नळीच मागे सरकते! इतर बहुतेक बंदुकांत नळी स्थिर असते. येथे ती काडतुसाच्या लांबीपेक्षाही जास्त अंतर मागे जाते. म्हणून या रचनेला लांब धक्क्याची रचना म्हणतात. जाताना नळी मॅगझिनच्या नळकांड्याभोवतीची जाड स्प्रिंग दाबते, बोल्ट दस्त्यातली दुसरी स्प्रिंग दाबतो आणि घोडा पुन्हा चढतो.

शेवटच्या टोकाला पोहोचल्यावर बोल्ट एका खटक्याने अडकून राहतो. नळीला मात्र कोणी अडवीत नाही. कडी खाचेतून उतरते आणि दाबलेली स्प्रिंग नळीला एकटीच पुढे ढकलते. रिकामे टरफल बोल्टच्या नखांनी धरून ठेवलेले असते. त्यामुळे टरफल नळीतून ओढून काढले जात नाही, तर नळीच टरफलावरून निघून जाते. पायमोजा ओढावा तसे नव्हे, मोजा धरून पाय काढून घ्यावा तसे! नळीच्या मागच्या भागावरचा एक गुटका जाता जाता टरफलाच्या काठाला ठोकर देतो आणि टरफल उजव्या बाजूच्या झरोक्यातून बाहेर उडते.

नळी जागेवर आली, की मॅगझिनमधले पुढचे काडतूस सुटून बोल्टखालच्या पाळण्यात येते. येताना ते बोल्टला अडविणारा खटका दाबते. खटका सुटला, पाळण्याने काडतूस वर उचलले, बोल्टने दस्त्यातल्या स्प्रिंगच्या जोरावर ते नळीत ढकलले, कडी पुन्हा खाचेत बसली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे सारे पार पडते. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की बोल्टला पुढे यावयाची आज्ञा देणारे कोण, तर नवे काडतूसच. मॅगझिन रिकामे असेल तर खटका दाबणारे कोणी नाही. मग बोल्ट मागेच थांबतो आणि उघड्या झरोक्यावरून शिकाऱ्याला कळते की काडतुसे संपली. पुढचा बार मात्र आपोआप होत नाही. चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. म्हणून ही पूर्ण स्वयंचलित नव्हे, अर्धस्वयंचलित.

राहिला प्रश्न हलक्या-जड काडतुसांचा. त्याचे उत्तर ब्राउनिंगने एका पोलादी कड्यात शोधले. मॅगझिनच्या नळकांड्याभोवती, नळी मागे येताना घासली जाईल अशी एक पितळेसारख्या धातूची चिरलेली पकड असते. कडे स्प्रिंगच्या पुढे, या पकडीला लागून ठेवले की पकड आवळली जाते, घर्षण वाढते आणि जड काडतुसाचा जोर शोषला जातो. तेच कडे स्प्रिंगच्या मागे ठेवले की घर्षण कमी होते आणि हलक्या काडतुसालाही यंत्र पुरते फिरविता येते. बैलगाडीच्या उतारावरच्या ब्रेकासारखीच ही युक्ती. एका कड्याची जागा बदलायची, एवढेच!

ही बंदूक ब्राउनिंगने नेहमीप्रमाणे विंचेस्टरकडे नेली. पण या वेळी त्याने एकरकमी पैसे घेण्याचे नाकारले. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे आपल्याला ठराविक रक्कम मिळावी, अशी अट त्याने घातली. बेनेट यांनी बराच काळ निर्णय लांबविला. प्रत्येक नगामागे वाटा देण्याचा पायंडा त्यांना पाडायचा नव्हता. १९०२ मध्ये बोलणी तुटली आणि एकोणीस वर्षांचा संबंध संपला. ब्राउनिंग तेथून रेमिंग्टन कंपनीकडे गेला. कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांना भेटण्यासाठी तो कचेरीत थांबला असतानाच, हार्टली यांचा हृदयविकाराने मृत्यू झाल्याची वार्ता आली! जानेवारी १९०२ ची ही गोष्ट. दुसरा कोणी असता तर आल्या किमतीला बंदूक विकून घरी परतला असता. ब्राउनिंगने बोटीचे तिकीट काढले आणि तो बेल्जमला गेला.

लिएज शहराजवळ हेरस्टाल येथे फाब्रिक नासिओनाल, म्हणजे एफ. एन. या नावाचा कारखाना १८८९ साली सुरू झाला होता. ब्राउनिंगचे पिस्तूल हा कारखाना आधीपासूनच बनवीत होता. त्याने त्याची अट मान्य केली. ब्राउनिंगने अमेरिकेत विकण्यासाठी स्वतःच १०,००० बंदुकांची मागणी नोंदविली. पुढे आयात जकातीमुळे अमेरिकेत ती बंदूक महाग पडू लागली, तेव्हा तेथे ती बनविण्याचा परवाना त्याच रेमिंग्टन कंपनीने घेतला आणि १९०५ पासून ती बाजारात आणली.

विंचेस्टरचे काय झाले? पेटंट इतके बंदोबस्ताचे होते, की त्यातून वाट काढून स्वतःची अशी बंदूक आणायला त्यांना १९११ साल उजाडले. बोल्टला हाताने ओढण्याची मूठ पेटंटात अडकली असल्याने त्यांच्या बंदुकीत काडतूस चढविण्यासाठी नळीच धरून मागे ढकलावी लागे. फुगलेले कागदी काडतूस अडकले, की लोक दस्ता जमिनीवर टेकवून नळी दाबत, म्हणजे भरल्या बंदुकीचे तोंड स्वतःकडे! त्यातून अपघात झाले आणि ती बंदूक बदनाम झाली. कारागिराचा वाटा वाचविण्याची ही किंमत कंपनीपेक्षा गिऱ्हाइकांनी अधिक मोजली, असे मला वाटते.

आता दुसरी बाजू. ब्राउनिंगने केवळ पक्ष्यांच्या शिकारीची हत्यारे केली नाहीत. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते हेरस्टाल येथे बनलेले ब्राउनिंगच्याच रचनेचे होते. त्यातून महायुद्ध पेटले आणि ऑगस्टमध्ये जर्मन फौजांनी पहिला मोठा घाला घातला तो लिएजवर. ज्या गावातून पिस्तूल गेले, त्याच गावावर आग परतली. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर ब्राउनिंगने आपल्या सरकारला मशीनगन आणि स्वयंचलित रायफल दिली. मोबदला घेतला ७,५०,००० डॉलर, हक्काने मागता आला असता त्याहून कितीतरी कमी. कंपनीशी वाट्यासाठी भांडणारा हा माणूस देशाशी भांडला नाही. १९१८ मध्ये त्याचा मुलगा व्हॅल हा लेफ्टनंट म्हणून फ्रान्सच्या रणभूमीवर बापाने घडविलेली रायफल घेऊन उभा होता. त्या रायफलींनी किती माणसे मारली, याचा हिशेब कोण ठेवणार?

आमच्या घरच्या विळ्याने कोणी गवत कापील, कोणी भांडणात दुसऱ्याचा हात कापील. लोहाराला दोष द्यावा काय? विळ्याच्या बाबतीत मी नाही म्हणेन. पण मशीनगनने गवत कापता येत नाही. तेथे लोहाराचा दाखला अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे. ब्राउनिंगची बुद्धी थोर होती, हे जितके खरे, तितकेच तिचा मोठा भाग माणसे मारण्याच्या कामी आला, हेही खरे. चरित्र लिहिणाराने यातील एक सांगून दुसरे लपवू नये. शिकारीच्या बंदुकीलाही अखेर लगाम घालावा लागला. पक्ष्यांची संख्या घटल्यामुळे अमेरिकी सरकारने १९३५ मध्ये स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे असू नयेत असा नियम केला. ब्राउनिंगच्या मॅगझिनमध्ये मग एक खुंटी घालून दोन काडतुसांची जागा बुजवावी लागे. जे भरण्यासाठी एवढा खटाटोप केला, ते एका खुंटीने आवरले!

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेरस्टालच्या कारखान्यातच, मुलाच्या कचेरीत, हृदय बंद पडून ब्राउनिंगचा मृत्यू झाला. वय ७१. त्याच्या नावावर १२८ पेटंटे होती. त्या वेळीही एका दुनळी बंदुकीचे काम त्याच्या हातात होते. ते पुढे व्हॅलने पुरे केले. ऑटो-५ चे उत्पादन सत्तरच्या दशकात जपानमध्ये गेले आणि १९९८ पर्यंत चालले. जवळजवळ शंभर वर्षांत तिच्या मूळ रचनेत फारसा बदल करावा लागला नाही.

विंचेस्टरच्या बंदुकांवर ब्राउनिंगचे नाव नव्हते. हेरस्टालच्या कारखान्याने मात्र पिस्तुलांवर त्याचे नाव कोरले आणि पुढे फ्रेंच भाषेत ब्राउनिंग या शब्दाचा अर्थच पिस्तूल असा झाला. नाशिकच्या खटल्याच्या कागदांत हे नाव आले, ते त्यामुळेच. ज्याला ओग्डेनबाहेर कोणी ओळखत नव्हते, अशा कारागिराचे नाव हजारो मैल ओलांडून आपल्या इतिहासाच्या पुस्तकापर्यंत आले आहे. ते नाव वाचताना त्याच्या हातांची आठवण ठेवावी, आणि त्या हातांनी काय काय घडविले याचा विचारही करावा, एवढेच मला माझ्या वर्गमित्रांना आणि गुरुजनांना सांगावेसे वाटते.